ओळंब्यातली वाळू

पैज लावली ती मीच, आणि तीही चहाच्या कपावर. मला कुणी भरीस घातलं नव्हतं.

मोजणीवाल्या बाई नुकत्याच परत गेल्या होत्या. वादळाला तीन आठवडे झालेले. आम्ही चारपाच शेजारी माझ्या शेडसमोर पालथ्या पडलेल्या होडीवर बसलो होतो, आणि बाईंनी दिलेला कागद गरम भांडं सरकवावं तसा एकमेकांकडे सरकवत होतो. वाचत कुणीच नव्हतं. बाईंनी सगळं तोंडी सांगितलंच होतं. माझ्या घराचे खांब आठ, पडले तीन. म्हणजे अर्ध्याच्या आत. अर्ध्याच्या आत मोडलं असेल तर जागेवर दुरुस्ती. जास्त मोडलं असेल तर सरकारनं ठोकलेल्या लाल खुंट्यांच्या मागे, हमरस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांत.

"पण आधी समोरची वाळूची टेकडी परत हवी," बाई म्हणाल्या होत्या. "घर आणि शेड मिळून चाळीस फूट. कमरेएवढी उंच. ओल्या वाळूला हात लावायचा नाही. वादळानं आत फेकलेली कोरडी वाळू चाळून परत आणायची. मशीन नाही, दगड नाही, सिमेंट नाही. दोन उधाणं निघाली पाहिजेत. मग मी येऊन मोजीन. तोवर घराला एक खिळा मारायचा नाही."

"आणि नाही टिकली तर?" आमच्या हिनं विचारलं.

बाईंनी टेपची गुंडाळी पिशवीत टाकली आणि लाल खुंट्यांकडे बघितलं. तेवढंच.

मी होड्यांचा सुतार. पत्र्याच्या खोलीसमोर कोण होडी आणून लावणार? समुद्रापासून दीड मैल. तिथे गेलो असतो तर स्टुलं आणि पाट करत बसावं लागलं असतं. आणि सासूबाईंना पत्र्याखाली श्वास लागतो. वादळानंतरचे चार दिवस आम्ही त्या खोल्यांत काढले, तेव्हा त्या दारात बसून मासा पाण्याबाहेर काढावा तशा तोंड उघडत होत्या.

होडीवर माझ्या शेजारी सलूनवाला बसला होता. त्याच्या दुकानाचे सहा खांब, पाच गेले. तो कधीच लाल खुंट्यांमागे गेला होता, पण रोज सकाळी इकडेच येऊन बसायचा.

"उधाण आलं की तुझी वाळू चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी जाणार," तो म्हणाला.

"माझी? अरे, तीस वर्षं होड्या बांधतोय. पाणी कुठून शिरतं ते मला शिकवतोस?"

"वाळू म्हणजे लाकूड नाही, सुतार."

"उधाणाच्या दिवशी बांधावर चहाचा भरलेला कप ठेवतो. एक थेंब सांडला तर बोल."

सगळे खो खो हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. त्या हसण्यानं मला चढली. तसा मी जन्माचा चावट. सलूनवाल्याच्या पावडरच्या डब्यात एकदा मैदा भरून ठेवला होता मी, तो त्यानं दोन दिवस गिऱ्हाइकांच्या मानेला लावला.

"सांडला तर?" त्यानं विचारलं.

"तर तू सांगशील ते. भर चौकात."

"आणि नाही सांडला तर?"

"तर तू वर्षभर माझी दाढी फुकट करायची."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, कप घरातला न्यायचा नाही. चारच उरलेत."

त्यांना मी मामी म्हणतो. बारा वर्षांपासून आमच्याकडेच आहेत. गुडघा गेलेला, छाती गेलेली. तोंड मात्र शाबूत.

*

वाळू होती, पण ती आमच्याकडे नव्हती. वादळानं ती उचलून रस्त्यावर, मागच्या बागांत, लोकांच्या अंगणांत नेऊन टाकली होती. ही आणि मी पहाटेच निघायचो. दोन घमेली, एक फावडं, चार गोण्या आणि बांधकामावरची एक चाळण. ही चाळण धरायची, मी टाकायचो. वाळूतून काय काय निघायचं! चपला, काचा, औषधाच्या बाटल्या, दारांच्या कड्या. एकदा आमच्याच स्वयंपाकघरातली पळी निघाली. हिनं ती पदराला पुसली आणि कमरेला खोचली.

चाळलेली गोणी पाठीवर टाकली की मानेपासून माकडहाडापर्यंत एकच ओळ दुखायची. आठव्या दिवशी माझ्या टाचा फुटल्या. खारट वाळू भेगांत शिरली की डोळ्यांसमोर काजवे. हिच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर परत आले. संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या हातापायांना तेल लावायचो, नव्या नवरानवरीसारखे.

"लाजतेस काय?" मी म्हणायचो.

"गप्प बसा. बोट दुखतंय."

मागच्या गल्लीत एका रिटायर मास्तरांचं मोठं अंगण होतं. गुडघाभर वाळू, स्वच्छ, घरातल्या मिठासारखी. मी फाटकाशी उभा राहून नमस्कार केला.

"वाळू न्यायची होती, मास्तर."

ते खुर्चीवरून उठले नाहीत. "न्या की. आमचीच अडचण दूर होईल. पण फरशी दिसेपर्यंत न्यायची. आणि नंतर अंगण धुऊन द्यायचं."

"धुऊन?"

"मग? तुमचं काम होतंय ना?"

मी काहीतरी झणझणीत बोलणार होतो. जिभेवर आलंही होतं. पण हिनं घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बादली कुठे आहे, मास्तर?"

चार दिवस लागले ते अंगण उपसायला. चौथ्या दिवशी ही गुडघ्यांवर बसून मास्तरांची फरशी घासत होती आणि ते वरून सांगत होते, "तो कोपरा राहिला. हां, तिकडचा." मी गोणी शिवत होतो. माझ्या हातून सुई दोनदा बोटात गेली. परत येताना मी म्हटलं, "त्यांच्या वर्तमानपत्रात एक खेकडा गुंडाळून टाकतो उद्या." ही हसली नाही.

*

बांध मात्र मी असा घडवला की ज्याचं नाव ते. घराच्या बाजूनं सुरुवात केली, शेडची बाजू नंतर करायची ठरवली. दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या केल्या, मध्ये वाळू भरली, गोडं पाणी शिंपडून धुमसानं ठोकली. फळ्या काढल्या की भिंत उभी. वरून रंध्यासारखी फळी ओढून माथा सपाट केला. मग ओळंबा सोडला. दोरी आणि वाळू यांच्यामध्ये केस शिरला नसता! येणारेजाणारे थांबून बघायचे. एक म्हातारा खलाशी हात फिरवून म्हणाला, "याला रंग दे."

सलूनवालाही यायचा. खिशात हात घालून बघायचा. कपाचा विषय तोच काढायचा, "कप आणलास का?" पण त्याचा चेहरा उतरलेला असायचा. बांध टिकला तर मी राहणार होतो, आणि तो गेलेलाच होता. मला ते तेव्हा कळत होतं, पण खरं सांगायचं तर मला त्याची मजाच वाटत होती.

मामींना गोणी उचलवत नव्हती. त्या शेडच्या सावलीत बसून वादळानं आणून टाकलेल्या काटक्या निवडायच्या. निवडलेल्या काटक्या शेडसमोरच्या रिकाम्या वाळूत खोचायच्या, दोन हातांवर एक, वाकड्यातिकड्या ओळींत. मध्ये मध्ये जाळ्यांचे फाटके तुकडे बांधायच्या. शिवाय कुठून तरी वाळूत पसरणाऱ्या मर्यादवेलीचे दांडे मागवून पुरले होते.

"मामी, काटक्यांचं दुकान काढलंत?"

"बसून काय करू?"

"ही बाजू मला भरायचीय. हे सगळं उपटावं लागेल."

"उपट. तोवर राहू दे."

त्यांच्या काटक्यांशी रोज थोडी थोडी वाळू साचायची. वारा आणायचा. मला त्या ढिगाकडे बघवत नव्हतं. उतरता, फतकल मारून बसलेल्या म्हशीसारखा आकार. ना माथा, ना कड. ओळंबा सोडायला जागाच नाही. पहिल्या उधाणाच्या आधी शेडची बाजू भरायला वेळ उरला नाही, म्हणून ते तसंच राहिलं.

*

उधाणाच्या दिवशी दुपारी निम्मी वस्ती जमली. आकाश अगदी स्वच्छ होतं, वारा बेताचा. मला वाटलं, समुद्रालाही माझ्या बांधाची भीड पडली. मी बांधावर चढलो नाही, पायाचे ठसे उमटतील म्हणून. खालूनच हात लांब करून माथ्यावर कप ठेवला. काठोकाठ भरलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला.

पहिल्या लाटा बांधाच्या पायथ्याशी आल्या आणि परतल्या. "बघ," मी सलूनवाल्याला म्हटलं. चौथी की पाचवी लाट आली, ती सरळ भिंतीवर आदळली. चढायला उतारच नव्हता, म्हणून ती खाली घुसली. परत जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली. पुढची आली, तिनंही तेच केलं. भिंत वरून तशीच होती, सरळ, गुळगुळीत. खाली मात्र पोकळ होत होती. मी होडीत पाणी शिरताना बघितलंय. पहिल्यांदा काही दिसत नाही. मग एकदम दिसतं.

सहा फुटांचा एक तुकडा केकसारखा सुटला आणि पाण्यात पडला. मग दुसरा. कप असलेला तुकडा क्षणभर तिरका राहिला. कप घसरला नाही, तिरका झाला, चहा सांडला, मग कप आणि चहा आणि वाळू सगळं एकदमच गेलं.

कुणी हसलं नाही. मी पैज हरलो हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं.

शेडच्या बाजूला लाट मामींच्या उतारावर चढली, दमली, काटक्यांमध्ये फेस सोडून परत गेली. येताना आणलेली वाळू तिथेच टाकून गेली.

"कप गेला ना?" मामी म्हणाल्या. "तीन राहिले."

*

संध्याकाळी हिनं बाईंचा कागद मागितला. माझ्या हत्यारांच्या पेटीत होता. मी त्याच्या मागच्या बाजूवर बांधाचं चित्र काढलं होतं, मापांसकट. फळ्या किती, लांबी किती. हिनं कागद उलटा केला आणि खिडकीशी धरला.

"इथे पण छापलंय," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या पेन्सिलीखाली." ती बोट ठेवून हळूहळू वाचू लागली. "'समुद्राकडील बाजूस चार हातांना एक हात असा उतार ठेवावा. वाळू ठोकू नये. काटक्यांचे कुंपण ओळींनी लावून वाऱ्यास वाळू आणू द्यावी. स्थानिक वेल लावावी.'"

मी कागद घेतला. माझ्या बांधाची सरळ रेघ बरोबर 'उतार' या शब्दावरून गेली होती. मी मागचं पान वाचलंच नव्हतं. लाकडाचं माप लिहायला जागा मिळाली, एवढंच बघितलं होतं. सुताराला कागद दिसला की तो तेच बघतो.

"मामी, तुम्ही हे वाचलं होतंत?"

"मला कुठे दिसतंय?" त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं डोळ्यांत वाळू जात होती, म्हणून काटक्या लावल्या."

हिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मास्तरांची फरशी निघणार. पण ती म्हणाली, "अजून पंधरा दिवस आहेत. उठा."

*

पंधरा दिवस होते, पण वाळू संपली होती. रस्त्यावरची नगरपालिकेच्या ट्रकनं उचलून नेली. मास्तरांचं अंगण आम्हीच धुऊन लख्ख केलं होतं. मी आणि ही एक एक घमेलं शोधत फिरायचो, गटाराच्या कडेची, झाडांच्या बुंध्यांची. मामी सांगायच्या आणि मी काटक्या खोचायचो. "अजून वाकडी. एवढी सरळ नको. सैनिक उभे करतोयस का?" मी वाकड्या खोचायचो. हात आपोआप सरळ खोचायचे, मग उपटून परत.

आणि वारा पडला. बारा दिवस पानसुद्धा हललं नाही. घामानं अंगावर वाळूची साल बसायची. ही दुपारी बांधाकडे पाठ करून बसायची आणि ओठ घट्ट मिटून समुद्राकडे बघत राहायची. एकदा मी तोंडानं फू फू करत काटक्यांवर फुंकर मारत सुटलो. ही पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग मीही थांबलो.

सलूनवाला एक दिवस दोन गोण्या घेऊन आला. पाठीवर आणल्या होत्या, एकामागून एक.

"कुठली?"

"माझ्या दुकानाच्या जागेवरची. तिथे आता काय करायचंय?"

मी म्हटलं, "पैज तर तू जिंकलास."

"ती वेगळी," तो म्हणाला. "ती मी वसूल करणार आहेच."

दुसरं उधाण आलं तेव्हा घरासमोरची वाळू गुडघ्याएवढी होती. लाट ती ओलांडून सरळ घरात गेली, चुलीवरून फिरली आणि दारातून परत आली. आणखी दोन खांब कलंडले. कसलाही गाजावाजा नाही. कंटाळलेला माणूस जसा आडवा होतो, तसे.

*

मोजणीवाल्या बाई तिसऱ्या दिवशी आल्या. त्यांच्याही टाचा फुटलेल्या होत्या, चपलेतून दिसत होत्या. बाई शेडच्या टोकापासून मोजत आल्या. मामींच्या ढिगाशी काठी उभी केली. कमरेच्या वर. मर्यादवेलीला चार नवी पानं आली होती. बाई वाकून ती पानं बघत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"आमच्या सासूबाईंनी."

"आणि हे?" त्यांनी घरासमोरची गुडघाभर वाळू दाखवली.

"मी."

बाईंनी मोजलं, लिहिलं, परत मोजलं. मग म्हणाल्या, "शेडसमोर सोळा फूट टिकलंय. तेवढ्याच्या मागची दुरुस्ती मंजूर करते. घराची नाही होणार. आता पाच खांब गेले."

"बाई, शेडमध्येच राहिलो तर? एक कोपरा पुरेल."

"तिथे राहायचं नाही. फक्त काम करायचं. तसं लिहावंच लागेल मला."

"आणि म्हातारीला पत्र्याखाली श्वास लागतो."

बाईंनी पेन थांबवलं. मला वाटलं, काहीतरी निघेल. आजवर कुणाच्या तरी तोंडून काहीतरी निघालंच आहे, मी गोड बोललो की. पण त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. "मी तुम्हाला टेकडी सांगितली होती," त्या हळूच म्हणाल्या. "लोक मला भिंतीच दाखवतात."

शेड माझी राहिली. घरातली मामींची खोली गेली. मी मामींकडे बघू शकलो नाही. त्याच म्हणाल्या, "अगं, त्या बाईंना पाणी दे. उन्हातून आल्यात."

*

सामान फार नव्हतंच. दोन ट्रंका, गादी, शेगडी, ती पळी, तीन कप. ही बांधाबांध करत होती. मामींना कसं न्यायचं ते ठरत नव्हतं. गुडघा दीड मैल चालणार नाही, आणि रिक्षा या वाळूत येत नाही.

तेवढ्यात चौकाकडून सलूनवाला आला. हातगाडी ढकलत. गाडीवर त्याच्या दुकानातली खुर्ची दोरांनी बांधलेली. मान टेकवायची, गोल फिरणारी, पाय ठेवायला लोखंडी पट्टी असलेली. तेवढी एकच गोष्ट वादळातून वाचली होती त्याची.

"पैज वसूल करायला आलोय," तो म्हणाला.

"आज?"

"आजच. मामींना खुर्चीत बसव. गाडी तू ढकलायचीस. चौकातून न्यायची, मागच्या गल्लीनं नाही. आणि दर वीस पावलांवर ओरडायचं, 'माझा बांध पडला, मामींचा राहिला.'"

मी हिच्याकडे बघितलं. ती गादीला गाठ मारत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "बोलला होतात ना, भर चौकात?"

मामींना उचलून खुर्चीत बसवलं. केवढ्याशा होत्या त्या! घमेलंभर वाळू जड लागली असती. त्यांनी पदर सारखा केला, पाय पट्टीवर ठेवले, आणि मान मागे टेकवली. ट्रंका खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लावल्या. तीन कपांची पिशवी मांडीवर.

चौकात बाजाराची वेळ होती. मास्तर भाजी घेत होते. खलाशी म्हातारा, जाळी विणणाऱ्या बाया, सगळे तिथेच. मी गाडी ढकलत आलो. सलूनवाला बाजूनं पावलं मोजत होता, "अठरा, एकोणीस, वीस."

"माझा बांध पडला! मामींचा राहिला!"

पहिल्यांदा लोक चमकले. मग हसू फुटलं. कुणीतरी शिट्टी मारली. मलाही जरा मजा आली, खोटं कशाला बोलू? मी दुसऱ्यांदा जरा नाटक करत ओरडलो, छातीवर हात मारून. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मामी वर खुर्चीतून दोन्ही बाजूंना मान हलवत होत्या, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारल्यासारख्या.

चौकाच्या मधोमध आल्यावर लोकांचं लक्ष ट्रंकांकडे गेलं. गादीकडे. मागून डोक्यावर शेगडी घेऊन येणाऱ्या हिच्याकडे. हसणं एकेका टोकापासून थांबत गेलं. मास्तरांच्या हातातली भाजी तशीच राहिली. चाकाचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"वीस," सलूनवाला म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "सुतार, राहू दे आता. फिटली."

मी गाडी थांबवली. हाताचे फोड दांड्याला चिकटले होते. पुढे हमरस्ता दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे पत्रे उन्हात चमकत होते.

खुर्चीतून आवाज आला, धाप लागलेला, पण स्वच्छ.

"फिटली कुठे? हमरस्ता अजून लांब आहे. ओरड, जावईबापू. त्या टोकाच्या माणसांना कळायला नको, टेकडी कुणाची होती?"

मी श्वास घेतला आणि ओरडलो.